खिळ्यावरची म्हातारी

दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर, एका जाड खिळ्याला म्हातारी लटकलेली दिसायची. लाकडी डोकं, कापडी अंग, नाकावर चामखीळ, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आलेल्या माणसानं चपला चुकीच्या जागी काढल्या आहेत. नवा पाहुणा हमखास दचकायचा. मग घराचे मालक, बाहुल्यांचे खेळ करण्यात सगळी हयात घालवलेले मास्तर, त्याला हात धरून बसवायचे आणि सांगायचे, "घाबरू नका. मुलीची वाट बघतेय ती."

पाहुण्याच्या मनात लगेच काहीबाही यायचं. मुलगी दूरदेशी असेल, हरवली असेल, रुसून गेली असेल. तेवढ्यात आतून मुलगी चहाचे कप घेऊन यायची.

ती कुठेही गेलेली नव्हती. रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ती त्याच खिळ्याखालून कामावर जायची आणि संध्याकाळी त्याच खिळ्याखालून परत यायची. ती लिफ्टचं काम करायची. आधी दुरुस्तीचं, आणि आता लिफ्टचा मेंदू म्हणावा अशा कंट्रोलरचं. पण मास्तरांच्या लेखी ती यायची होती अजून.

तिला सगळे पक्कड म्हणायचे. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. पाळण्यात असताना तिनं त्यांचं बोट धरलं ते काही केल्या सोडेना, तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, ही मुलगी कसली, पक्कड आहे. ज्यानं नाव ठेवलं त्यालाच पुढे त्या नावाचा सगळ्यांत जास्त त्रास झाला, ही गोष्ट वेगळी.

लहानपणी पक्कडनं धरलं होतं ते बाहुल्यांच्या दोऱ्यांना. इतर मुलं खेळणी मोडायची त्या वयात ही बाहुलीला मान तुकवायला, खांदे उडवायला, पाय आपटायला शिकवत होती. म्हातारी तिची. मास्तरांच्या खेळात शेवटचा भाग म्हातारीच्या भांडणाचा असायचा आणि लोक त्याचसाठी बसून राहायचे. मास्तर सूत्रधार होऊन भारदस्त आवाजात हुकूम सोडायचे, "म्हातारे, उजवीकडे चल." शेजारी उभी असलेली एवढीशी पोर दोऱ्या हलवायची आणि म्हातारी कमरेवर हात ठेवून विचारायची, "का म्हणून?" मग जी जुंपायची! सूत्रधार दर वेळी काहीतरी चुकीचं ठासून सांगायचा, म्हातारी ते भर सभेत खोडून काढायची, आणि शेवटी सूत्रधार हात जोडायचा. बाकीचे आवाज काकूचे. काकू तशी नात्यानं कुणाचीच काकू नव्हती. शेजारी राहायची, बाहुल्यांचे कपडे शिवता शिवता खेळात आली आणि राहिली. ती म्हणायची, ही पोर भांडायला लागली की मला पुढचं वाक्य विसरायला होतं.

मास्तरांच्या बाहुल्यांच्या पेटीचा एक नियम होता. त्यांच्या गुरूंकडून आलेला. बाहुली एका हाताची असते. खेळवणाऱ्याच्या उंचीचं, कोपराचं माप घेऊन तिच्या दोऱ्या बांधायच्या, कारण खेळवणारा आणि बाहुली एकाच जमिनीवर उभे असतात. माप चुकलं की बाहुली एक तर गुडघ्यात मुडपते किंवा हवेत तरंगते. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. खेळवणारा कायमचा गेला, की ज्यानं दोऱ्या बांधल्या त्यानंच त्या कापायच्या. त्यानंतर बाहुली मोकळी. नव्या हातानं तिला आपल्या मापाच्या दोऱ्या बांधाव्यात आणि खुशाल खेळवावं.

म्हातारीच्या दोऱ्या मास्तरांनी कधी कापल्या नाहीत. उलट दर वर्षी तिला खिळ्यावरून उतरवून, जुन्या दोऱ्या काढून, त्यांच्या शेजारी नव्या ताणून, बरोबर तेवढ्याच कापून ते बांधायचे. काकूला म्हातारी फार हवी होती. पण नियम म्हणजे नियम. म्हातारीचं भांडण खेळातून गेलं ते गेलंच.

पक्कडनं बाहुल्या सोडल्या त्याची गोष्ट तिच्या दृष्टीनं अगदी साधी होती. शाळेच्या शेवटच्या वर्षांत केव्हातरी एका उंच इमारतीतल्या सभागृहात खेळ होता. पेट्या, पडदे, मास्तर, काकू आणि ती असे सगळे लिफ्टमध्ये असताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. काकूनं डोळे मिटून घेतले, मास्तर दारावर थापा मारत राहिले. बऱ्याच वेळानं एका माणसानं वरून दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं. बाकीचे खेळाच्या घाईनं पळाले. ही त्याच्या मागोमाग जिना चढून थेट गच्चीवरच्या खोलीत गेली. तिथं कपाटाएवढी एक पेटी उघडी होती, आत ओळीनं बसवलेले रिले, विजेचे छोटे खटके, टक्‌टक्‌ करत उघडत-मिटत होते, आणि शेजारी मोटरीवरून जाड तारांचे दोर खाली काळोखात गेले होते. तिनं विचारलं, हिला कसं कळतं कुठल्या मजल्यावर थांबायचं? त्या माणसानं चेष्टा केली नाही. नीट समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तो खेळ म्हातारीविना झाला.

खेळ संपल्यावर तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. मास्तर आयोजकांसमोर कमरेत वाकून उभे होते. उशीर झाल्याची माफी मागत होते आणि पुढच्या वर्षीही बोलवा म्हणत होते. आयोजक त्यांच्याकडे न बघता मान हलवत होते. हे दृश्य तिनं आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते तिच्या मनात गच्चीवरच्या खोलीच्या शेजारी जाऊन बसलं. वरच्या माणसाला कुणाची मनधरणी करावी लागली नव्हती. बिघाड सापडला, लिफ्ट चालली, तो हात पुसत निघून गेला. वाकलेल्या मास्तरांचं ते दृश्य तिनं त्यांना कधीच सांगितलं नाही. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी बापाच्या तोंडावर मारायच्या नसतात.

निकाल लागल्यावर मात्र तिनं सांगितलं, की मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला जाणार. मास्तर जमिनीवर मांडी घालून म्हातारीच्या दोऱ्या बदलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, का? ती म्हणाली, मला ते आवडतं. त्यांनी गाठ आवळली, दातांनी उरलेला दोरा तोडला आणि म्हणाले, तारा कुणाला आवडतात?

तिथंच सगळं अडलं. तिला दुसरं काही आवडू शकतं, हे मास्तरांच्या मनात शिरेना. मग त्यांनी स्वतःसाठी एक कारण शोधलं आणि ते त्यांच्या अंगी बेतून शिवल्यासारखं बसलं: परिस्थिती. घरची परिस्थिती नव्हती, म्हणून पोरीनं कला सोडली. पोटासाठी बिचारीनं हातात पाना घेतला. ऐकणाऱ्याचे डोळे ओलावायचे. पक्कडची आई शाळेत शिकवायची आणि घर तिच्या पगारावर व्यवस्थित चालायचं. ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची, "सांगा, सांगा. माझ्या पगाराची अब्रू चारचौघांत काढा." पाहुणे हसायचे आणि गोष्ट थोडी सैल पडायची. आई गेल्यावर मास्तरांना टोकणारं कुणी उरलं नाही. गोष्ट फुगत गेली.

पक्कड गप्प राहिली. सुरुवातीला शिक्षणाच्या धबडग्यात, नंतर कामाच्या. पुढे पुढे ती गोष्ट गळक्या नळासारखी झाली. ऐकू येते, त्रास देते, पण उठून कोण जाणार?

आणि कामात तिचं खरंच मन रमलं होतं. कामावर ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते दादा सुरुवातीला म्हणायचे, काय गं, बाहुली वर-खाली आणि लिफ्ट वर-खाली, फरक काय? दोरीचाच धंदा. हा विनोद तिनं इतक्या जणांकडून ऐकला होता, की ती उत्तर तयार ठेवायची. बाहुली पडली तर लोक हसतात, दादा. इथं आत कुणाची तरी आजी पिशवी घेऊन उभी असते. पुढे दादांचा सूर बदलला. ते कौतुकानं इतरांना दाखवायचे, बघा हिची वायरिंग, कलावंताचा हात आहे. तेही तिला रुचत नसे. "हात-बीत काही नाही," ती म्हणायची. "मी हे शिकलेय. रात्रंदिवस डोकं घालून शिकलेय. बाहुलीला कशाला मध्ये आणता?"

तिला सगळ्यांत जास्त आवडायचं ते लिफ्टना निर्णय घ्यायला शिकवणं. एका हॉस्पिटलात चार लिफ्ट होत्या आणि स्ट्रेचरवाली लिफ्ट भेटायला येणाऱ्या माणसांसाठी प्रत्येक मजल्यावर थांबायची. ती काही दिवस नुसती तिथं उभी राहिली. कोण कुठून येतं, कुठे जातं, कुणाचा जीव टांगणीला असतो, कोण नुसतं कंटाळून बटण दाबतं, हे बघत. मग लॅपटॉप घेऊन वर गेली आणि चारही लिफ्टचं वागणं बदललं. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर न थांबता वर गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळी पडली नाही. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ते बघत होती आणि तिला इतका आनंद झाला, की तिथंच एक कप चहा जास्तीचा घेतला.

असं सगळं चाललं असताना कलाभवनाच्या सचिवबाई घरी आल्या.

गावात नवं कलाभवन उभं राहिलं होतं. चौथ्या मजल्यावर कलापथकांना देण्यासाठी खोल्या होत्या. मास्तरांची पेटी मागच्या शेडमध्ये ओल खात पडलेली. बाहुल्यांच्या गालांवर बुरशी धरायला लागली होती आणि काकू दर आठवड्याला कापडानं त्यांची तोंडं पुसायची. खोली मिळाली तर बाहुल्या वाचणार होत्या. पण भवनाची एक अट होती: पथकाला पुढची पिढी हवी. एकट्या म्हाताऱ्यासाठी खोली अडकवून ठेवता येणार नाही.

पक्कड आत चहा गाळत होती. बाहेर मास्तरांचा आवाज भरून आलेला ऐकू आला. मुलगी परत येतेय, ते सांगत होते. नोकरी सोडतेय. परिस्थितीनं नेली होती ती, आता फिरून येतेय. उद्घाटनाच्या खेळात म्हातारी पुन्हा तिच्या हातात असेल, तुम्ही डोळ्यांनी बघाल.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा सचिवबाईंनी उठून तिचे दोन्ही हात धरले. केवढा त्याग केलात, म्हणाल्या. काही बोलायला तिनं तोंड उघडलं तोच मास्तर घाईनं म्हणाले, लाजते हो ती. आणि सचिवबाई चहा अर्धाच पिऊन पुढच्या कलावंताकडे गेल्या.

दार लागल्यावर पक्कडनं कप उचलले नाहीत. ती खुर्चीवर बसली. मास्तर खिळ्याकडे बघत उभे राहिले.

"एक संध्याकाळ," ते म्हणाले. "फक्त एक संध्याकाळ तिला हातात घे. खोली मिळू दे. पुढचं पुढे."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"जे आहे ते."

"जे आहे ते काय आहे, बाबा?"

"तुला परिस्थितीनं—"

"आईचा पगार होता. परिस्थिती चांगली होती. मी सोडलं."

"तुला तेव्हा कळत नव्हतं."

"आता कळतं?"

"आता," मास्तर म्हणाले, "तुला सवय झालीय."

हा शब्द तिला लागला. खोटं बोलले त्याचं एवढं वाटलं नाही, कारण खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. इथं तिच्या सगळ्या आयुष्याला, गच्चीवरच्या खोल्यांना, चार लिफ्टना, सकाळी उठून कामाला जायच्या तिच्या उत्साहाला सवय हे नाव मिळालं होतं. जसं काही ती दुखऱ्या पायाला सरावली होती.

"मी येईन," ती म्हणाली. "म्हातारी हातात घेईन. पण खोटं बोललात तर तिथल्या तिथं खोडून काढीन."

"स्टेजवर मला आजवर कुणी खोडलेलं नाही."

"मी खोडायचे. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून. लोक तिकीट काढून बघायचे."

मास्तरांनी पाठ फिरवली. हसू आलं होतं की राग, ते पाठीवरून कळलं नाही.

काकूनं मधल्या दिवसांत दोघांशी बोलून पाहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभ जळालेलाही नाही, असं म्हणून तिनं नाद सोडला आणि म्हातारीला नवे कपडे शिवायला घेतले. अंगाचं माप घ्यायला तिनं म्हातारीला खिळ्यावरच ठेवलं. दोऱ्यांना हात लावला नाही.

खेळाच्या संध्याकाळी पक्कड थेट कामावरून आली. निळा शर्ट, जाड तळव्यांचे बूट, खिशात कटर. सचिवबाईंना वाटलं होतं ती नटूनथटून येईल. पहिल्या रांगांत मुलं, मागे मोठी माणसं, सभागृह भरलेलं. मास्तर पुढे आले आणि त्यांनी प्रस्तावना सुरू केली. ती रंगत गेली. कलेवर जीव असलेली एक पोर होती, म्हणाले. घरच्या परिस्थितीनं तिला ओढून नेलं. तिनं हूं की चूं केलं नाही. पण कला सोडत नाही माणसाला. आज ती नोकरी सोडून परत आलीय.

टाळ्या पडल्या. सचिवबाईंनी रुमाल काढला. मास्तरांनी म्हातारी तिच्याकडे दिली आणि पक्कडनं दोऱ्या बांधलेली फळी हातात धरली.

म्हातारी हवेत राहिली.

नव्या कपड्यांखाली तिचे लाकडी पाय जमिनीच्या बरेच वर, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लोंबत होते. पक्कडनं हात खाली नेला. तरी टेकेनात. ती कमरेत वाकली तेव्हा कुठे अंगठे फरशीला लागले, पण तसं वाकून बाहुली खेळवता येत नाही. ती सरळ झाली, म्हातारी पुन्हा वर गेली. पुढच्या रांगेतलं एक मूल खुदकन हसलं. मग बरीच हसली.

मास्तरांचा चेहरा उतरला. जन्मभर मापं घेतलेला माणूस, असलं माप कधी चुकला नव्हता. दर वर्षी त्यांनी जुन्या दोरीशेजारी नवी ताणून तेवढीच कापली होती, आणि पहिल्या दोरीचं माप ज्या पोरीचं होतं ती त्यांच्या खांद्याला लागत होती. ती त्यानंतर वाढली. त्यांच्याहून उंच झाली. एकाच घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर.

पक्कडच्या बोटांनी आपोआप एक दोरी ओढली. म्हातारीनं मान वाकडी करून आधी खाली पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर," म्हातारी म्हणाली, तोच फाटका, कुरकुरा आवाज, "माझी जमीन कुठे ठेवलीत?"

सभागृह हसलं. आणि मास्तर, जे खरं तर पडदा पाडायच्या बेतात होते, जुन्या सवयीनं सूत्रधाराच्या आवाजात बोलून गेले, "जमीन आहे तिथंच आहे. तू खाली ये."

"कशी येऊ? दोऱ्या कुणी बांधल्या?"

"मी."

"कुणाच्या मापानं?"

"माझ्या मुलीच्या."

"कुठल्या मुलीच्या? ही तर चांगली बाई आहे. बघा तरी मान वर करून. हिला कामावर लोक मॅडम म्हणतात." मुलं खिदळली. म्हातारीनं हवेतल्या हवेत एक पाऊल पुढे टाकलं. "हिला कुणी ओढून नेलं होतं म्हणालात?"

"परिस्थितीनं," मास्तर म्हणाले. पण ते सूत्रधाराच्या आवाजात म्हणाले, आणि सूत्रधार नेहमी चुकीचं सांगतो, हे एव्हाना पहिल्या रांगेतल्या सगळ्यात लहान मुलालाही कळलं होतं.

"परिस्थिती?" म्हातारीचे हात कमरेवर गेले. "घरात दोन्ही वेळा चूल पेटत होती. हिच्या आईचा पगार होता. हिला दर वर्षी नवे बूट होते. कुठली परिस्थिती? पत्ता द्या तिचा, मी भांडून येते."

हशा इतका झाला की पक्कडला थांबावं लागलं. तो ओसरल्यावर तिनं म्हातारीची मान हळूच खाली सोडली आणि स्वतःच्या आवाजात बोलली. आवाज मोठा नव्हता, पण तिला शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं कसं हे माहीत होतं. तिच्या वडिलांनीच शिकवलं होतं.

"मी स्वतः गेले. बाहुल्या मला आवडायच्या, लिफ्ट जास्त आवडली. अजून आवडते. मी नोकरी सोडलेली नाही, सोडणार नाही. माझ्यासाठी कुणी डोळे पुसू नका."

सचिवबाईंचा रुमाल हातातच राहिला. सभागृहात कुणाला टाळी वाजवावी की उठावं हे कळेना.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं. हा सूत्रधार नव्हता.

"सांगितलं होतं. तुम्ही हिच्या दोऱ्या बदलत होतात."

मास्तरांनी त्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी खिसा चाचपला. चाकू नव्हता. पक्कडनं आपल्या खिशातला कटर काढून पुढे केला आणि दुसऱ्या हातानं फळी स्थिर धरली. नियम होता, बांधणाऱ्यानंच कापायच्या. त्यांनी आधी हातांच्या कापल्या, मग गुडघ्यांच्या. प्रत्येक दोरी तुटताना बारीक आवाज यायचा आणि म्हातारी थोडी थोडी सैल पडायची. डोक्याची दोरी त्यांनी शेवटी ठेवली. ती कापायच्या आधी म्हणाले, अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, "मला पटलेलं नाही."

"नसू दे पटलेलं," पक्कड म्हणाली. "कापा."

त्यांनी कापली. काकूनं विंगेतून पुढे येऊन म्हातारीला दोन्ही हातांवर घेतलं. पेटीत निजवताना तोंडावर कापड टाकायची पद्धत होती, ती काकूनं पाळली नाही. झाकायचं कशाला, म्हणाली, उद्या माझं माप घ्यायचंय.

पडद्यामागे सचिवबाई गोंधळून उभ्या होत्या. अटीचं काय करायचं, त्यांनी विचारलं. पुढची पिढी कुठाय? काकूनं केस सारखे केले. "मी आहे की. मास्तर माझ्यापेक्षा मोठे आहेत." सचिवबाईंनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग अजून दाराशी घुटमळणाऱ्या, म्हातारी पुन्हा कधी भांडणार असं विचारणाऱ्या मुलांकडे. खोली मिळाली. तात्पुरती, असं तीन वेळा बजावून.

पेट्या हलवायच्या दिवशी मास्तरांनी चौथा मजला पायी चढायचं ठरवलं. यात नवीन काही नव्हतं. मुलगी लिफ्टच्या कामाला लागल्यापासून त्यांनी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. पाय आहेत मला, असं ते म्हणायचे, जरी गुडघ्यांचं मत वेगळं होतं. पक्कडनं पेट्या लिफ्टनं वर नेल्या, काकूकडे सोपवल्या आणि खाली येताना दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून दार उघडं धरलं.

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले होते. श्वास लागला होता. तिनं या म्हटलं नाही, हात पुढे केला नाही. दारावर बोट ठेवून नुसती उभी राहिली. दार मिटायला बघायचं, बोटाला लागून परत उघडायचं.

"ही तू बसवलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुसऱ्यांची आहे. झटके देते. पण पोचवते."

ते उठले, कठड्याला धरून आले, उंबरा ओलांडावा तसं जपून पाऊल आत टाकलं आणि आरशाकडे पाठ करून उभे राहिले. दार मिटलं. लिफ्टनं खरंच एक झटका दिला. मास्तरांनी छताकडे पाहिलं, मग बटणांच्या ओळीकडे. आणि इतक्या वर्षांत कधी नव्हे ते तिचं काम समजून घ्यायला तिला काहीतरी विचारलं.

"हिला कसं कळतं गं, कुठे थांबायचं ते?"

पक्कडनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती सांगायला लागली. लिफ्टच्या मार्गाच्या भिंतीवर खुणा कशा असतात, ती त्या कशा मोजत जाते, मजल्याजवळ येताना वेग कसा कमी करते, आणि ही झटका का देते, कुणी आळस केला म्हणून. ती हातवारे करत होती. मास्तर मध्येच अडवून भलतंच काहीतरी ठासून सांगायचे, ती ते खोडून काढायची. चौथा मजला आला, दार उघडलं. कुणी उतरलं नाही. दार पुन्हा मिटलं.

समोरच्या भिंतीवर तो खिळा अजून आहे, रिकामा. पाहुणे आता दचकत नाहीत. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, तर मास्तर चहाचा घोट घेऊन, कपाळाला आठी घालून सांगतात, लिफ्टचं काम करते, तिला आवडतं म्हणे. आणि आतून पक्कड मोठ्यानं म्हणते, "म्हणे नाही. आवडतं."